साडूच्या कणगीतलं आमिष

माझ्या साडूवर मी आयुष्यभर जळत आलो आहे. त्यानं माझं वाईट असं काहीच केलेलं नाही, आणि खरी अडचण तीच आहे. माणसानं आपलं थोडं तरी वाकडं करावं, म्हणजे मोकळ्या मनानं जळता येतं. ह्या गृहस्थानं तेवढीही सोय ठेवली नाही. त्याचा अपराध एवढाच, की एका उन्हाळ्यात कावळे त्याच्या पिंजऱ्यात जात आणि माझ्या पिंजऱ्यात जात नसत.

गोष्ट दुसरी लढाई सुरू व्हायच्या दोन-तीन वर्षं आधीची. मी धुळ्याला मराठी शाळेत मास्तर होतो. सासुरवाडी एरंडोलच्या अलीकडे एका खेड्यात. सासऱ्यांना सगळा गाव आबा म्हणे, म्हणून मीही आबाच म्हणत असे. त्यांना तीन मुली. थोरली माझ्या घरात, मधली साडूच्या घरात, आणि धाकटीचं लग्न आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, आठ दिवसांनी ठरलेलं. मला उन्हाळ्याची सुट्टी आणि साडूची शेतं नांगरून मृगाची वाट बघत पडलेली, त्यामुळे दोघे जावई लग्नाच्या पंधरा दिवस आधीच येऊन टेकलो.

मी आगगाडीनं चाळीसगावावरून म्हसावदला उतरलो आणि तिथून बैलगाडीनं आलो. नवा कोट होता. कोटाच्या खिशातून घड्याळाची साखळी लोंबत होती. घड्याळ तेवढं नव्हतं. साडू शेजारच्या गावाहून चालत आला, काखेत एक बोचकं घेऊन. दारात पाऊल टाकताच गोठ्यातली म्हैस त्याला बघून हंबरली. मी आलो तेव्हा तीच म्हैस पाठ करून उभी होती, हे मी तेव्हाच मनात नोंदवून ठेवलं.

माझी बायको माझ्याशी शुद्ध बोलत असे. लग्नानंतर तिनं ते शिकून घेतलं होतं, आणि मला त्याचा अभिमानही होता. पण साडू ओसरीवर बसून अहिराणीत काही तरी पुटपुटला, की आत चुलीजवळ ती पदर तोंडात धरून हसे. सात वर्षांच्या संसारात मी तिला तसं हसवलेलं नव्हतं. मी विचारलं, "काय म्हणाले ते?" तर ती म्हणाली, "काही नाही हो, म्हशीबद्दल बोलत होते." मी म्हशीबद्दल काय बोललो असतो तर ती हसली असती, ह्यावर मी सबंध दुपार विचार केला. काही सुचलं नाही.

आता ज्याच्यासाठी मी नवा कोट शिवून आलो होतो ते सांगतो. आमच्या सासरी मांडवाची पहिली मेढ थोरल्या जावयानं रोवायची असते. मेढ म्हणजे मांडवाचा पहिला खांब. गाव जमतो, वाजंत्री वाजते, खड्ड्यात हळदकुंकू पडतं, आणि जावई तो खांब उचलून उभा करतो. तेवढा एक क्षण सगळा गाव त्याच्याकडे बघतो. साडूच्या लग्नात मी शाळेच्या परीक्षांमुळे ऐन वेळी पोचलो होतो आणि मेढ कुणा चुलत जावयानं रोवली होती. ह्या खेपेची मेढ शेवटची. आबांना चौथी मुलगी नव्हती.

घरात तेव्हा बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, हंगाम चाललेला. दादर, म्हणजे रब्बीची ज्वारी, भिजवायची, कांडायची, तिचा घाटा शिजवायचा, त्यात तीळ-जिरं टाकायचं आणि धाब्यावर धोतरं अंथरून त्यांवर हातानं थापून वाळवायचं. आमच्याकडे घरं मातीच्या सपाट धाब्याची, तेव्हा वाळवणाला जागेचा तोटा नाही. लग्न म्हणजे पाचपन्नास पानं नव्हेत, सगळा गाव आणि वर वऱ्हाड. सासूबाई पहाटेपासून धाब्यावर चढत. आणि त्यांच्या पाठोपाठ कावळे उतरत.

कावळा बिबडा पळवतो त्याचं एवढं नाही. तो ओल्या बिबड्यांवरून चालत जातो, ह्याचा तीळ टिप, त्याचा तीळ टिप, आणि रांगच्या रांग उष्टी करून ठेवतो. उष्टा बिबडा व्याह्यांच्या पानात वाढायचा कसा? सासूबाई अख्खी धोतरंच्या धोतरं खरवडून म्हशीला घालत होत्या. म्हैस सुखी होती. सासूबाई मात्र संध्याकाळी ओसरीच्या आतल्या बाजूला बसून, कुणाला तरी ऐकू जाईल अशा बेतानं म्हणत, "बठ्ठा खाई गया. मनी पोरना लगीनमा मी वऱ्हाडले काय वाढू?"

बठ्ठा म्हणजे सगळं, आणि कुणाला तरी म्हणजे आम्हाला. पण त्या आमच्याशी थेट बोलत नसत. सासूनं जावयाशी समोरासमोर बोलायचं नाही, ही त्या घरची रीत. त्या पदर नाकापर्यंत ओढत, तोंड फिरवत, आणि जे सांगायचं ते मुलीला, भिंतीला किंवा मांजराला सांगत. लग्न झाल्यापासून त्या माझ्याशी एक अक्षर बोललेल्या नव्हत्या, पण मांजरामार्फत आमचं बरंच दळणवळण होतं.

आबांनी एकाच गोष्टीची बंदी घातली. "मनी अंडेरनं लगीन शे. जीव माराना कोनी नाव काढू नका." अंडेर म्हणजे लेक; तिच्या लग्नात जीव मारायचा नाही, म्हणजे गोफण नाही, विष नाही. पकडायचे तर जिवंत, आणि लांब नेऊन सोडायचे. एरवी जावयानं सासुरवाडीला इकडची काडी तिकडे करायची नसते. पण कावळे पकडणं हे काम धरलं जात नव्हतं, तो एक खेळ झाला. तेव्हा जेवताना आबा आम्हा दोघांकडे बघून मिशीत हसले आणि म्हणाले, "जो कावया बंद करी, तो मेढ रोवी."

ते गमतीनं म्हणाले असतील. मी मात्र ते शब्द धरून ठेवले.

मला वाटलं, ठीक आहे, हा आपला प्रांत आहे. कावळ्यावर वीस ओळींचा निबंध मी दर वर्षी तिसरीच्या मुलांकडून लिहवून घेत असे. कावळा चतुर असतो, कावळा सर्वभक्षक असतो, हे मी लाल शाईनं कित्येक वह्यांमध्ये दुरुस्त केलं होतं. मी सुताराकडून बांबूच्या कामट्यांचा एक देखणा चौकोनी पिंजरा करवून घेतला, वर उचललेलं दार, आत टेकू, टेकूला बांधलेली दोरी, दोरीच्या टोकाला आमिष. कावळ्यानं आमिष ओढलं की टेकू सुटतो आणि दार पडतं.

साडूनं काय केलं? घरामागे धान्याची एक जुनी तुटकी कणगी पडली होती, पुरुषभर उंचीची. ती त्यानं धाब्यावर चढवून आडवी केली. तोंडाशी कामट्यांचं दार बसवलं, दार पडलं की बाहेरून एक खुंटी आपोआप आडवी बसे. तो आकार बघून मी बायकोला म्हटलं, "हा कावळे पकडणार आहे की रेडा?" ती म्हणाली, "अहो, हळू बोला."

आणि मग दोन दिवस त्यानं काहीच केलं नाही. दार वर बांधून ठेवलं आणि आत भाकरीचे तुकडे टाकत राहिला. कावळे आत जात, खात, बाहेर येत. मी माझ्या पिंजऱ्याशेजारी बसून हसत होतो. तिसऱ्या दिवशी त्यानं दाराची दोरी आतल्या आमिषाला बांधली. दुपारपर्यंत कणगीत तीन कावळे होते.

त्यातला एक त्यानं पायाला दोरी बांधून आतच ठेवला, वाटीभर पाणी आणि सावलीला गोणपाट देऊन. आत आपला भाऊबंद सुखात बसलेला दिसला की बाहेरच्यांना धीर येतो, हे मला निबंधात कधी सापडलं नव्हतं. बाकीचे त्यानं झाकणाच्या टोपलीत घातले आणि संध्याकाळी गाडीनं पद्मालयाच्या जंगलात सोडून आला. येताना गणपतीचं दर्शनही झालं, सासूबाईंसाठी अंगाराही आला. मांजराला सांगितलं गेलं, "धाकला जवाई देवमानूस शे."

मी त्या रात्री जेवलो नाही. पोट बिघडलं म्हणून सांगितलं.

माझी आमिषांची परीक्षा सुरू झाली ती अशी. पहिल्या दिवशी मी बिबडाच ठेवला. ज्याची चोरी करतात तेच ठेवावं, हे मला तर्काला धरून वाटलं. एक कावळा आला. त्यानं पिंजऱ्यातल्या एका बिबड्याकडे पाहिलं, मग बाहेर धोतरावर मांडलेल्या शंभरांकडे पाहिलं, आणि मान तिरकी करून माझ्याकडे पाहिलं. तिसरीतल्या मुलांनी माझ्याकडे तसं कधी बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शिरा. तो मागून घ्यायची लाज वाटली, म्हणून जेवताना दोनदा वाढून घेतला आणि उठताना द्रोणात लपवून वर नेला. मुंग्या आल्या. चिमण्या आल्या. कावळा काही आला नाही. पण खाली मांजराला निरोप गेला होता, "थोरला जवाईस्ले शिरा गोड लागना," आणि पुढचे तीन दिवस मला सकाळ-संध्याकाळ शिरा खावा लागला.

मग केळं. सावद्याकडच्या पाहुण्यांनी एक फणी पाठवली होती. केळ्यावर माश्या बसल्या.

साडू रोज सकाळी आपलं आमिष एका पोटलीतून आणी. पोटलीवर ओलं फडकं. ती खुंटीला उंच टांगलेली असे, आणि तिला तो दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे. कणगीत आमिष ठेवतानाही त्याची पाठ माझ्याकडे असे. काय असेल त्यात? मी वास घेऊन पाहिला. ओल्या फडक्याचा वास आला. बायको म्हणाली, "विचारा ना त्यांना. सांगतील की." मी म्हटलं, "मी? त्याला?" थोरला साडू धाकट्या साडूला कावळ्याचं खाणं विचारतो, हे चित्र डोळ्यांसमोर आणून मी कूस बदलली.

एकच समाधान होतं. साडूच्या व्यवस्थेत एक ढोबळ चूक होती आणि ती फक्त मला दिसत होती. त्यानं कणगीच्या तोंडाशी आक्काला बसवलं होतं. आक्का म्हणजे आबांची थोरली बहीण, ऐंशीच्या घरातली, अर्धं दिसे, पाव ऐकू येई. हातात काठी घेऊन ती कणगीच्या सावलीत बसायची आणि कावळा जवळ आला की "हाड मेल्या" म्हणून काठी आपटायची. म्हणजे पिंजरा कावळ्यांसाठी आणि पिंजऱ्यावर राखण कावळ्यांना हाकलायला. मी बायकोला हे समजावून सांगितलं. "इतकी साधी गोष्ट कळत नाही तुझ्या मेव्हण्याला. म्हातारीला तिथून उठवलं तर ह्याच्या दुप्पट सापडतील."

"आक्काला रिकामं बसवत नाही," बायको म्हणाली. "काही तरी काम लागतं हातात."

दुपारी आक्काची मान खाली पडे, डोळा लागे, आणि तेवढ्यात कावळा सुर्रकन कणगीत. मी म्हणे, बघा, ही झोपली की पकडले जातात. तिच्या झोपेचं श्रेयसुद्धा मी साडूला द्यायला तयार नव्हतो.

शेवटी मी अंड्यावर आलो. कावळा अंड्याला जीव टाकतो, हे नक्की. पण त्या घरात अंड्याचं नावही निघत नसे. गावाबाहेर भिल्लांची पाचसात घरं होती. फिरायला जातो असं सांगून मी तिकडे गेलो, कोटाच्या दोन खिशांत दोन अंडी घातली आणि छातीजवळ हात धरून, पोट दुखणाऱ्यासारखा चालत आलो. वेशीपाशी आबा भेटले. त्यांनी आपुलकीनं माझ्या बरगडीवर थाप मारली. एक अंडं तिथंच गेलं.

दुसरं मी पिंजऱ्यात ठेवलं, आणि देवाशपथ सांगतो, तासाभरात दार पडल्याचा आवाज झाला. मी शिडीवरून दोनदोन पायऱ्या चढून गेलो. आत पक्षी होता. तांबूस अंग, काळं डोकं, हातभर लांब राखी शेपूट. मी पिंजरा तसाच उचलून अंगणात आणला. आबा आले, साडू आला, आक्काला हाताला धरून आणलं.

साडूनं वाकून पाहिलं. "हाऊ टकाचोर शे, भाऊ."

"कावळ्याच्याच जातीचा आहे," मी म्हणालो. हे खरं होतं, मी वाचलेलं होतं.

"व्हई. पन हाऊ बिबडा नही खास. हाऊ दुसराना घरटामातला अंडा खास." बिबडे खाणारा हा नव्हे, दुसऱ्याच्या घरट्यातली अंडी खाणारा, एवढं सांगून त्यानं पिंजऱ्यातल्या टरफलाकडे पाहिलं, मग माझ्या कोटाच्या डाव्या खिशाकडे, जिथून काही तरी हळूहळू खाली ओघळत होतं. आणि तो काही बोलला नाही. बोलला असता तर मी त्याला त्याच दिवशी माफ केलं असतं.

आक्का मात्र म्हणाली, "शेपूट भारी शे. सोडा त्याले."

संध्याकाळी बायकोनं कोट धुवायला घेतला. "अहो, हे खिशात कशाचं?"

"खळ आहे. शाळेतली."

"शाळेला सुट्टी आहे ना?" एवढंच ती म्हणाली आणि कोट दगडावर आपटला. मग विहिरीवर तिची बहीण काही तरी बोलली, आणि दोघी अहिराणीत हसल्या. तेव्हा ती माझ्यामुळे हसली होती, हे मला आज कळतं. त्या वेळी मात्र त्यात माझा काही वाटा नसावा असंच मला वाटलं.

मेढ रोवायला दोन दिवस राहिले. धाब्यावर कावळ्यांचा त्रास जवळजवळ बंद झाला होता. जे पकडले ते गेले, आणि ज्यांनी पाहिलं ते शहाणे झाले. मी एकदा सांगून पाहिलं की पद्मालयात सोडलेल्यांपैकी एक लंगडा कावळा मला परत अंगणातल्या कडुनिंबावर बसलेला दिसला. कुणी मनावर घेतलं नाही. जेवताना आबा सगळ्यांदेखत म्हणाले, "मग, मेढ धाकला जवाईले दिऊत का?" सगळे हसले. साडू मान खाली घालून जेवत राहिला.

मी ठरवलं. पोटलीत काय आहे ते बघायचं, तेच आमिष आपल्या पिंजऱ्यात लावायचं, आणि उद्याच्या एका दिवसात निदान दोन तरी कावळे आबांच्या पुढ्यात ठेवायचे. मेढ आपली आहे, ती अशी कावळ्यांवरून जाऊ द्यायची नाही.

पहाटे तांबडं फुटताना मी धाब्यावर गेलो. खुंटीवर पोटली नव्हती; म्हणजे साडू आमिष लावून आबांच्या शेताकडे फिरायला गेला होता. आक्का अजून वर चढली नव्हती. मी कणगीच्या तोंडाशी बसून आत पाहिलं. अंधारात तळाशी काही तरी पांढुरकं दिसत होतं. हात पोचेना. मी डोकं घातलं. तरी पोचेना. मग मी खांदे घातले, गुडघे घातले, आणि रांगत रांगत शेवटपर्यंत गेलो. दोरीला बांधलेल्या कावळ्यानं सरकून मला जागा दिली. मी ते पांढुरकं उचललं.

मागे दार पडलं. बाहेरून खुंटी बसल्याचा तो बारीक आवाज मी आठ दिवस हेव्यानं ऐकत आलो होतो. आतून तो वेगळाच ऐकू येतो.

हातात भाकरीचा तुकडा होता. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी, शिळी. काल रात्री मी हीच खाल्ली होती.

मी उलटा फिरायचा प्रयत्न केला. कणगी पुरुषभर उंच होती हे खरं, पण रुंदीला एवढी बेताची, की आत वळायचं तर पुरुष पोराएवढा असायला हवा. धोतराचा सोगा दारात अडकला होता. जोर केला असता तर कामट्या तुटल्या असत्या. पण मांडवाच्या आदल्या दिवशी साडूचा पिंजरा मोडणारा थोरला जावई, हे नाव मला नको होतं. आत मी हललो तसा शेजारचा कावळा ओरडायला लागला. त्याच्या आवाजाला निंबावरून एकानं साद दिली, मग दुसऱ्यानं, आणि बघता बघता आठ दिवस ज्यांना मी शिरा, केळी आणि अंडी दाखवून बोलावत होतो ते सगळे धाब्यावर जमले. लंगडाही होता.

त्या गोंगाटानं सासूबाई वर आल्या. डोक्यावर घाट्याचं पातेलं. त्यांनी आधी कावळ्यांकडे पाहिलं, मग कणगीकडे, मग कामट्यांतून दिसणाऱ्या माझ्या तळपायांकडे. पातेलं खाली ठेवलं, पदर नाकाखाली ओढला आणि तोंड निंबाकडे फिरवलं. जवळपास मांजर नव्हतं. त्या बांधलेल्या कावळ्याशी बोलू लागल्या.

"काय रे कावया, तुना संगे आज कोन शे?"

मला काय करावं सुचेना. त्यांच्याशी थेट बोललो असतो तर रीत मोडली असती. मीही कावळ्यालाच म्हटलं, "त्यांना सांग, जरा खुंटी काढायची आहे."

"त्यास्ले सांग, मना हात घाटाना शेतस. मी धाकला जवाईले बलावस."

"त्यांना सांग, धाकट्यांना नको."

सासूबाईंनी पदर आणखी खाली ओढला. "मंग लगीन व्हस तोवर आठेच ऱ्हा म्हना. भाकर शे, पानी शे."

आठेच म्हणजे इथेच. कावळा आमच्या दोघांमध्ये बसून मान इकडे-तिकडे फिरवत होता. त्याच्याइतका इमानी दुभाषा मी पुढं पाहिला नाही. सासूबाईंचे खांदे हलत होते. त्या पाठमोऱ्या होत्या, म्हणून मी ते रडणं समजलो आणि मला फार भरून आलं. पातेलं उचलून त्या शिडीवरून उतरल्या तेव्हा खालून जे ऐकू आलं, ते रडणं नव्हतं.

साडू आला. खुंटी काढली, दार वर धरलं. मी आधी पाय, मग धोतर, मग बाकीचा असा बाहेर आलो. कोटाला भाकरीचे कण आणि कावळ्याची कृपा लागली होती. खालून आबांनी हाक मारली, "काय व्हयनं रे वर?"

साडूनं कठड्यावरून वाकून सांगितलं, "काही नही, आबा. दार अटकत व्हतं, भाऊ दुरुस्त करी राह्यनात."

मी भाकरीचा तुकडा अजून हातात धरून होतो. आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं, म्हणून विचारलं. "हेच घालता तुम्ही?"

"हाईच."

"मग पोटलीवर फडकं कशाला? आणि कुणाला हात लावू देत नव्हतात."

"फडकं नही टाकं तर भाकर वाळी जास, भाऊ. आनि पोरं उचली लेतस."

"बस? एवढंच?"

त्यानं कणगी झाडली, भाकरी परत आत ठेवली, दोरी ताणून पाहिली. मग आक्काच्या बसायच्या गोणपाटाकडे मान केली. "खरं काम आक्कानं. कावयाले टाकेल नको ऱ्हास, राखेल पाहिजे. कोनी काठी लिसन बसनं, की त्याले वाटस, आठे काही तरी भारी शे."

टाकलेलं कावळ्याला नको असतं, राखलेलं हवं असतं; तो कावळ्यांविषयीच बोलत होता. त्याच्या चेहऱ्यावर दुसरं काही नव्हतं, मी नीट पाहिलं. पण आठ दिवस एका ओल्या फडक्याकडे टक लावून बसलेल्या माणसाला ते ऐकून कुठे बघावं कळेना. मी धोतराचा फाटलेला सोगा बघत बसलो.

दुसऱ्या दिवशी मांडव. गाव जमला, वाजंत्री आली, अंगणात खड्डा खणून ठेवलेला. आबा फेटा बांधून उभे. मी कोट घातला नव्हता. तो अजून वाळत होता. आबांनी सगळ्यांकडे बघितलं आणि साडूला हाक मारली. "या, धाकला जवाई. कावया तुम्ही बंद कयात. मेढ तुमनी."

मी खड्ड्याकडे बघत राहिलो. बायको दारातून माझ्याकडे बघत होती, हसत नव्हती. ती हसली असती तर बरं झालं असतं.

साडू पुढं आला. त्याच्या उजव्या हाताला, मनगटापासून बोटांपर्यंत, एक जाड फडकं गुंडाळलेलं होतं. "आबा, काल कावयानी चोच मारी. मना हात धरत नही. मेढ भाऊंनी शे, भाऊलेच सांगा."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुढं झालो आणि मेढ उचलली. ती एवढी जड असते हे मला माहीत नव्हतं. खड्ड्यात सोडली, माती लोटली, पायानं दाबली, वाजंत्री वाजली, आणि सगळ्या गावानं माझ्याकडे पाहिलं. त्यासाठीच मी आलो होतो. पण माझं लक्ष सगळं त्या फडक्याकडे होतं. ते ओळखीचं होतं. पोटलीवरचंच होतं.

मी मागं सरलो. दारातून सासूबाई कुणाला तरी म्हणाल्या, "मेढ डोलस." मांजराला म्हणाल्या असाव्यात. मेढ खरंच डुलत होती. साडूनं कणगीची दोरी सोडून आणली, डाव्या हातानं आणि दातांनी मेढ ओसरीच्या खांबाला आवळली आणि वरून आंब्याचा टहाळा लावून गाठ झाकली. मग बांधलेला कावळाही त्यानं सोडून दिला. तो निंबावर जाऊन बसला आणि लग्न होईपर्यंत एकदाही खाली उतरला नाही.

लग्नाच्या पंगतीत साडू माझ्या शेजारी बसला. पानात तळलेला बिबडा आला, पांढरा, फुललेला, एकाही कावळ्यानं न टिपलेला. साडू जेवत होता. हातावर फडकं नव्हतं. मी पाणी प्यायच्या निमित्तानं वाकून, अगदी जवळून, त्याचा हात पाहिला. चोच तर सोडाच, साधा ओरखडाही नव्हता.

समोरच्या रांगेतले नवरदेवाचे मामा मांडवाकडे मान वर करून बघत होते. "भारी मांडव शे," ते म्हणाले. "मेढ कोनी रोवी?"

साडूनं घास गिळला आणि माझ्याकडे बोट दाखवलं. उजव्या हाताचं.